भीतीच्या गल्लीत चहा-सामोसे

"त्या गल्लीनं जाऊ नकोस गं, लांबचा रस्ता घे!" आपल्यापैकी बहुतेकींनी हे वाक्य आईकडून ऐकलंय, आणि पुढं आपल्या लेकीला ऐकवलंयही. आमच्या गावात कॉलेजच्या मागं असाच एक बोळ होता. पाच मिनिटांची वाट सोडून आम्ही मुली वीस मिनिटांचा वळसा घालायचो. तिथं नेमकं काय घडलं होतं, कुणालाच धड सांगता यायचं नाही. पण त्या रस्त्यापायी माझ्या एका मैत्रिणीचा संध्याकाळचा तास बंद झाला आणि मग कॉलेजही सुटलं, हे मात्र खरं.

ही आठवण झाली ती बंगळूरच्या एका गल्लीमुळं. येलहंका भागात 'सृष्टी' ही कला आणि डिझाइन शिकवणारी संस्था आहे. जवळच्या एका गल्लीची विद्यार्थ्यांनी इतकी धास्ती घेतली होती, की तिला चक्क 'रेपिस्ट लेन' असं नाव पडलं होतं. आता अशा वेळी आपण काय करतो? रस्ता बदलतो. या मुलांनी मात्र २०१२ साली तिथंच टेबलं मांडली. प्रत्येक टेबलाला दोनच खुर्च्या. एका खुर्चीत विद्यार्थी, समोर कुणीही अनोळखी माणूस. सोबत चहा आणि सामोसे. तासभर गप्पा मारायच्या, स्वप्नांच्या, प्रेमाच्या, भीतीच्या, मनात येईल त्या. आणि उठताना समोरच्याला एक फूल द्यायचं. उपक्रमाचं नाव 'टॉक टू मी', म्हणजे 'माझ्याशी बोल'.

याला कला म्हणायचं का, असं तुम्ही विचाराल. पण या मुलांचे रंग आणि कागद म्हणजे ती गल्लीच होती! यामागं होती 'ब्लँक नॉईज' ही चळवळ. जस्मीन पथेजा हिनं २००३ मध्ये याच संस्थेत शिकताना ती सुरू केली, तीही अभ्यासाचा एक प्रकल्प म्हणून. रस्त्यावरच्या छेडछाडीला 'त्यात काय एवढं' म्हणून झटकून टाकलं जातं, हे तिला सलत होतं. मग तिनं बायकांना सांगितलं, छेड काढली गेली तेव्हा अंगावर जे कपडे होते ते पाठवा. 'तू काय घातलं होतंस?' या नेहमीच्या प्रश्नाला याहून सडेतोड उत्तर कोणतं? पुढं २०१४ पासून बायका वेगवेगळ्या शहरांतल्या बागांमध्ये जमून निवांत झोपू लागल्या. भर दिवसा, उघड्यावर, डोळे मिटून! आपल्यापैकी किती जणींनी हे सुख अनुभवलंय?

एक तास गप्पा मारल्या म्हणून रस्त्यावरचा दिवा लागत नाही, की छेड काढणारा सुधारत नाही. त्यासाठी नगरपालिकेकडं अर्ज करावा लागतो आणि वेळ आली तर पोलिसांतही जावं लागतं. ते काही चुकत नाही. पण सावलीलाही दचकणाऱ्या मुलीला समोरच्याचं नाव कळतं, त्याला घरी किती मुलं आहेत ते कळतं. त्यालाही कळतं, की आपल्याला बघून कुणीतरी पावलं उचलतं. ही ओळख अर्जानं होत नाही.

मैत्रिणींनो, लेकीला 'तिकडून जाऊ नकोस' म्हणायच्या आधी एकदा तिचा हात धरून आपणच त्या वाटेनं जाऊन यायला काय हरकत आहे? कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यावा, दुकानदाराची, रिक्षावाल्याची चौकशी करावी. लेकीच्या कॉलेजातल्या मुलामुलींना ही टेबल-खुर्च्यांची गोष्ट सांगावी. माझ्या मैत्रिणीसोबत तेव्हा कुणीतरी असं चाललं असतं, तर कदाचित तिचं कॉलेज सुटलं नसतं.