मंगळवेढ्याची पांढर

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या सुमारे ५५ किलोमीटरच्या रस्त्यावर डोंगर असा लागत नाही. लागते ती काळी जमीन. उन्हाळ्यात भेगाळलेली, हिवाळ्यात ज्वारीने झाकलेली, नजर पोचेल तिथवर सपाट. प्रवासी पुस्तिकांना या वाटेवर सांगण्यासारखे फारसे सापडत नाही. मंगळवेढ्याचा परिचयही ‘संतांची भूमी’ आणि ‘ज्वारीचे कोठार’ या दोन बिरुदांत उरकला जातो. दोन्ही बिरुदे खरीच आहेत. दामाजीपंत, चोखामेळा, कान्होपात्रा ही नावे या गावाशी जोडलेली आहेत आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे गाव वाचण्याची तिसरी एक वाट आहे आणि ती घरांच्या माथ्यावरून जाते. सिमेंटच्या स्लॅबांमध्ये मंगळवेढ्यात आणि आसपासच्या खेड्यांत अजून तग धरून असलेली माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरे हीच इथली खरी प्रेक्षणीय वास्तू आहे, असे माझे म्हणणे आहे. त्या घरांत इथल्या माती-पावसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब मांडलेला आहे. त्या हिशेबात चुकाही आहेत, आणि पाहायला जाणाऱ्याने त्यांकडे डोळेझाक करू नये.

हिशेबाची सुरुवात दोन शब्दांपासून होते. आपल्याकडे कसायची जमीन ती काळी आणि वसायची जमीन ती पांढर. ही वाटणी रंगापुरती नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून हातभर खोल भेगा पाडते. परतीच्या पावसाची ओल ती महिनोन्‌महिने धरून ठेवते, म्हणून मालदांडी ज्वारी विहिरीच्या पाण्याशिवाय येते. पण नेमक्या याच गुणामुळे ती भिंतीला आणि छपराला कुचकामी ठरते. तिची भिंत पहिल्याच उन्हाळ्यात तडकेल. घरासाठी चुनखडीची, कमी फुगणारी पांढरी माती लागते. ती जुन्या वस्तीच्या टेकाडांत साठलेली असते, कारण तिथे शतकानुशतके घरे पडली, त्यांची माती झाली आणि त्या मातीची पुन्हा घरे झाली. म्हणून दख्खनच्या पुरातत्त्वज्ञांना ‘पांढरीचे टेकाड’ म्हटले की खाली जुने गाव असणार हे कळते. पीक ज्या मातीत येते तीत घर उभे राहत नाही, हे ओळखून गावाने आपल्या जमिनीची केलेली ही वाटणी आहे.

छपराचेही तसेच. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे कौलांना तीव्र उतार द्यावाच लागतो. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे; इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. इथले छप्पर पावसापेक्षा उन्हासाठी बांधावे लागते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा तुराट्यांचा थर, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड गिलावा, असे ते माळवद. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण; घराचा आकार आजही काही घरांत खणांतच सांगतात. उजेडासाठी आणि धुरासाठी छतात साणे, पाण्यासाठी कडेला पन्हाळ. दुपारचे ऊन जाड भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर माणसे झोपायला माळवदावर गेलेली असतात. मिरच्या, कुरडया, धान्य तिथेच वाळते. हजारो मैलांवर मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतातील बर्बर लोकांनी, म्हणजे स्वतःला अमाझिग म्हणवणाऱ्यांनी, आपल्या खेड्यांसाठी हेच उत्तर काढले. अटलांटिकवरून येणारे ढग ॲटलासच्या अलीकडे रिकामे होतात, पलीकडे कोरड. म्हणून तिथेही जाड मातीच्या भिंती आणि सपाट मातीचे छप्पर. दोघांनी एकमेकांचे पाहून केले असे मानायला आधार नाही. प्रश्न सारखा होता, म्हणून उत्तरही सारखे आले.

कमी पावसाच्या मुलखात घराइतकेच महत्त्व साठवणीला असते. बर्बर खेड्यांनी डोंगरावर ‘अगादिर’ नावाची तटबंद सामाईक कोठारे बांधली. आपल्याकडे धान्य जमिनीखाली पेवात गेले. मुरमाड जागेत खोल खड्डा, आतून कडब्याचे किंवा गवताचे अस्तर, वरून मातीने घट्ट बंद केलेले तोंड. आत हवा खेळत नसल्याने कीड लागत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. हेच बंदिस्तपण जिवावरही उठते. पेव उघडल्यावर आतला कोंडलेला वायू जाऊ न देता उतरणारी माणसे गुदमरून मेली आहेत. मंगळवेढ्याची सर्वांत प्रसिद्ध कथा कोठाराचीच आहे. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी धान्य भुकेल्यांसाठी खुले केले, आणि बिदरच्या दरबारात त्याची रक्कम भरायला विठ्ठल महाराच्या रूपाने गेला, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी उरते ते महत्त्वाचे: या मुलखात धान्य साठवण्याइतकाच ते केव्हा आणि कोणासाठी उघडायचे हा कळीचा प्रश्न होता, आणि लोकांनी ज्याला संत म्हटले तो कोठार उघडणारा होता.

आता आक्षेप. पहिला आक्षेप माळवदात राहणाऱ्यांचाच आहे. माळवद गळते. दर पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर माती चढवावी लागते, भिंती-जमिनी सारवाव्या लागतात, आणि सारवणाचे काम घरातल्या बायकांच्याच वाट्याला येते. वरून माती झडते, विंचू निघतो, चांगले लाकूड परवडत नाही. सरकारी भाषेत मातीचे घर ‘कच्चे’ आणि घरकुल ‘पक्के’. स्लॅबचे घर हवे असणाऱ्याला शहरातल्या पाहुण्याने मातीचे गुण ऐकवणे शोभत नाही. हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. चार इंची स्लॅब आणि त्याखालच्या पातळ भिंती एप्रिल-मे महिन्यांत घराची भट्टी करतात, मग पंखा, मग कूलर, मग विजेचे बिल. ‘पक्के’ हा शब्द टिकाऊपणा मोजतो, राहण्याजोगेपणा मोजत नाही. म्हणून माळवद परत आणा असे म्हणणे चूक ठरेल, आणि माळवदातून शिकण्यासारखे काही नाही असे म्हणणेही तितकेच चूक.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, शब्दशः. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ती बहुतेक अशाच घरांखाली गेली. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर फूटभर मातीचा थर धरला तर त्याचे वजन साडेचार-पाच टन होते. आणि दरवर्षी जुनी माती न खरवडता वर नवी टाकत गेले की थर फुटावर थांबत नाही. भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या, बाहेरचा आणि आतला पदर एकमेकांना न बांधलेला. धक्का बसताच पदर सुटले आणि छप्पर खाली आले. ८ सप्टेंबर २०२३ रोजी ॲटलासमध्ये भूकंप झाला तेव्हा बर्बर खेड्यांतही माती-दगडाच्या घरांनी असाच घात केला. जवळजवळ तीन हजार लोक मरण पावले. पण किल्लारीच्या ढिगाऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसली होती. लाकडी खांब आणि तुळया जिथे नीट सांधलेल्या होत्या, तिथे अनेकदा भिंती बाहेर ढासळल्या तरी खणांचा सांगाडा माळवद तोलून उभा राहिला. म्हणजे दोष माती वापरण्यात नव्हता. ती वर्षानुवर्षे साचू देण्यात आणि भिंत न बांधता नुसती रचण्यात होता. थर पातळ ठेवणे, भिंतीत आरपार जाणारे दगड घालणे, सांगाडा पक्का सांधणे हे उपाय भूकंपानंतर अभियंत्यांनी सांगितलेच आहेत.

तिसरा आक्षेप अभियंत्याला सुटणारा नाही. पांढर सगळ्यांची नव्हती. गावाभोवती कूस होते आणि कुसाबाहेर माणसे होती. मंगळवेढ्यात हे विसरायची सोयच नाही, कारण परंपरेनुसार १३३८ मध्ये इथेच गावकुसाचे बांधकाम कोसळले आणि त्याखाली राबणारे मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा, म्हणजेच संत चोखामेळा, होते. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हते, ती उभारताना ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला नेल्या, असे सांगतात. जुन्या खेड्याच्या एकोप्याचे गोडवे गाणाऱ्याने ही भिंत आधी पाहावी. ‘गावगाडा’ सुरळीत चालत होता तो कोणाच्या खांद्यावर, हे ती सांगते. म्हणूनच जुने गाव जसेच्या तसे जपावे ही मागणी मला पटत नाही. मातीचे गणित जपण्याजोगे आहे, कुसाचे नाही.

जसेच्या तसे जपण्यातून काय होते हेही मोरोक्कोत दिसते. आयत बेन हद्दू ही मातीची तटबंद वस्ती १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली, तिथे अनेक परदेशी चित्रपटांचे चित्रण झाले आणि पर्यटक लोटले. पण बहुतेक रहिवासी नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेले. देखावा टिकला, गाव उठले. मंगळवेढ्याची अशी जाहिरात झालेली नाही, हे एका अर्थी बरेच आहे. इथे जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे. काळीवर ज्वारी उभी असते, जानेवारीच्या सुमारास हुरडा असतो. दामाजीपंतांचे मंदिर आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर पाहावा, मग जुन्या गल्ल्यांत शिरावे. माळवद दिसले तर फोटोआधी घरधन्याला विचारावे: माती कुठून आणता, जुनी खरवडता का, वर कोण चढवते? या तीन उत्तरांत गावाची जमीन, त्याचा धोका आणि त्याचे श्रम तिन्ही येतात. परतीची वाट पंढरपूरवरून धरावी. अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे. तिथे विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या मंदिरात त्यांच्या समाजाला साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणापर्यंत प्रवेश नव्हता, त्याच्या दारात. मंगळवेढ्याची भिंत कोणी रचली, हे समजून घेतल्यावाचून मंगळवेढा पाहून होत नाही.