चाकाचे नट : किती घट्ट म्हणजे पुरेसे घट्ट?



नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या थंड राज्यांत राहणाऱ्या आपल्या मंडळींची स्नो टायर चढवण्याची लगबग सुरू होते. काही जण चाके घरीच बदलतात, काही दुकानात जातात. चाकाचे नट किती आवळायचे, या प्रश्नावर आपले नेहमीचे उत्तर म्हणजे "जेवढे जातील तेवढे". हे उत्तर चुकीचे का, आणि बरोबर काम करायला कोणती हत्यारे लागतात, ते आज पाहू.

नट नेमके काय करतो?

नट आवळला की त्याचा स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. हा दाब कमी पडला तर चाक बारीक हालचाल करू लागते, नट सैल होत जातात आणि शेवटी चाक निखळू शकते. दाब फार झाला तर स्टड कायमचा ताणला जातो, आटे खराब होतात, आणि एखाद्या दिवशी स्टड तुटतो. शिवाय इम्पॅक्ट गनने बेसुमार आवळलेला नट डिकीतल्या छोट्या पान्याने हलत नाही. रात्री हायवेच्या कडेला, मुले गाडीत असताना हे कळणे कोणालाच परवडणारे नाही.

टॉर्क म्हणजे काय?

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक फूट लांब पान्याच्या टोकाला 80 पौंडांचा जोर लावला तर 80 फूट-पौंड टॉर्क मिळतो. पाना दोन फुटी असेल तर त्यासाठी 40 पौंड पुरतात. म्हणूनच हाताच्या अंदाजावर विसंबता येत नाही. न्यूटन-मीटर हवे असतील तर फूट-पौंडांना 1.356 ने गुणावे.

आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या काही गाड्यांचे आकडे असे:

- होंडा सिव्हिक, अकॉर्ड : 19 मिमी सॉकेट, 80 फूट-पौंड
- टोयोटा कॅमरी, कोरोला : 21 मिमी, 76 फूट-पौंड
- टेस्ला मॉडेल 3 : 21 मिमी, 129 फूट-पौंड
- फोर्ड एफ-150 (अलीकडची मॉडेल्स) : 21 मिमी, 150 फूट-पौंड

मॉडेलच्या वर्षानुसार फरक पडू शकतो, म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल उघडून खात्री करून घ्यावी.

सॉकेट कसा निवडावा?

अर्धा इंची ड्राइव्हचा, सहा कोनी आणि खोल सॉकेट घ्यावा. बारा कोनी सॉकेट नटाच्या कोपऱ्यांवर जोर देतो आणि ते झिजवतो. 21 मिमीच्या नटावर "जवळपास बसतोय" म्हणून 7/8 इंची सॉकेट लावू नये. तो 22.2 मिमीचा असतो आणि घसरतो. अलॉय व्हीलमधली भोके अरुंद असतील तर पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. लॉकवाले नट असतील तर त्यांची चावी गाडीतच ठेवावी.

टॉर्क रेंच कसा निवडावा?

घरच्या कामाला 'क्लिक' करणारा, अर्धा इंची ड्राइव्हचा रेंच पुरेसा आहे. आपला आकडा रेंचच्या पट्ट्याच्या साधारण मध्यावर यावा. 80 फूट-पौंडांसाठी 150 पर्यंतचा रेंच उत्तम, पण एफ-150 साठी 250 पर्यंतचा बरा. वर्षातून दोनदाच लागणार असेल तर विकत घेण्याचीही गरज नाही. ऑटोझोनसारख्या दुकानांत डिपॉझिट भरून हत्यारे वापरायला मिळतात.

काम कसे करावे?

1. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. त्यासाठी लांब दांड्याचा पाना वापरा, टॉर्क रेंच नाही.
2. गाडी जॅकवर घेऊन चाक काढा आणि हबवरचा गंज ब्रशने साफ करा. आट्यांना तेल लावू नका. तेलामुळे घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.
3. नवे चाक लावून नट आधी हातानेच फिरवा, म्हणजे आटे वाकडे बसणार नाहीत.
4. टायर जमिनीला टेकवा आणि नट चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक असे आवळा. पहिल्या फेरीत निम्मा टॉर्क, दुसऱ्या फेरीत पूर्ण.
5. रेंच सावकाश ओढा आणि 'क्लिक' झाले की थांबा. खात्रीसाठी आणखी एक झटका देण्याचा मोह टाळा.
6. 50 ते 100 मैल गाडी चालल्यावर टॉर्क पुन्हा तपासा.
7. रेंच ठेवून देताना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा.

चाके दुकानात बदलून घेत असाल तर "शेवटी हाताच्या टॉर्क रेंचने आवळा" असे आधीच सांगा. सांगण्यात संकोच नको, आणि घरी आल्यावर स्वतः एकदा तपासायलाही हरकत नाही.

हिवाळा सुखाचा जावो. गाडी सांभाळून चालवा!