नऊ मायक्रॉनची खाच

पावसाळा सुरू झाला की आमच्या प्रयोगशाळेत पहिली काळजी एफटीआयआर या अवरक्त वर्णपटमापक यंत्राची. त्याच्या पोटात अवरक्त किरण दोन वाटांना लावणारी एक चकती असते, पोटॅशियम ब्रोमाइडची, वर जर्मेनियमचा पातळ लेप. शेवटी ते मीठच. दमट हवेत पांढुरकं पडतं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी दिसले की बाकीची कामं बाजूला ठेवून ते आधी बदलायचे.

फुटलेल्या किरणांपैकी एक स्थिर आरशावरून परततो, दुसरा सरकत्या आरशावरून. दोघांच्या मिलाफातून संगणक सांगतो, नमुन्याने कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश गिळला.

आमच्या नमुन्यांपैकी सिलिकॉनची चकती डोळ्यांना करड्या आरशासारखी दिसते, पण 1.1 मायक्रॉनच्या पुढचे किरण तिच्यातून आरपार जातात. तिच्या स्फटिकजाळीतले अणू सतत थरथरत असले तरी सगळे एकसारखे. धन-ऋण असा भेद नाही, त्यामुळे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला धरायला काही सापडत नाही. दोन कंपनं एकत्र आली तरच थोडंफार शोषण होतं, त्यातलं ठळक 16 मायक्रॉनच्या आसपास. गॅलियम आर्सेनाइडची गोष्ट वेगळी. तिथे गॅलियम किंचित धन, आर्सेनिक किंचित ऋण. क्षेत्र एकाला इकडे ओढतं, दुसऱ्याला तिकडे. सेकंदाला सुमारे 8 लाख कोटी हेलकावे, म्हणजे 37 मायक्रॉन, हा ठेका जुळला की जाळी प्रकाश गिळते. 34 ते 37 मायक्रॉनच्या पट्ट्यात तर बहुतेक किरण पृष्ठभागावरूनच माघारी फिरतात.

या माघारी फिरण्याचा उपयोग हाइनरिश रूबेन्स आणि अर्नेस्ट निकोल्स यांनी 1897 मध्ये केला. स्फटिकांवरून किरण पुन्हापुन्हा परतवले की ठरावीक तरंगलांबीचेच मागे उरतात. 1900 मध्ये बर्लिनला रूबेन्स आणि कुर्लबाउम यांनी अशाच उरलेल्या किरणांनी तापलेल्या पोकळीचं प्रारण मोजलं. अशा प्रारणासाठी तोवर वापरला जाणारा वीनचा नियम तिथे तोकडा पडला आणि माक्स प्लांक यांनी नवं सूत्र मांडलं. एवढ्या मोठ्या शोधामागे सैंधवासारखे साधे स्फटिक होते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आमचं रोजचं काम मात्र सिलिकॉनच्या आलेखात 9 मायक्रॉनला पडणाऱ्या खाचेचं. वितळलेलं सिलिकॉन क्वार्ट्झच्या मुशीतून ऑक्सिजन उचलतं. दहा लाख अणूंमागे दहा-वीस. सिलिकॉनच्या दोन अणूंमध्ये अडकलेला हा परका अणू प्रकाशाला धरायला जागा देतो. खाच जितकी खोल, तितका ऑक्सिजन जास्त. मोजायच्या आधी झाकण लावून कोरडा नायट्रोजन सोडायचा आणि थांबायचं, नाहीतर आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड आलेखात उतरतो.