पेट्रोलचे क्रेडिट कार्ड : आधी हिशेब, मग सही

वस्तीतील बहुतेक घरांच्या दारात आज एक तरी दुचाकी उभी असते. ती चैनीची नसते. कोणी पहाटे पेपर टाकतो, कोणी दिवसभर पार्सले पोहोचवतो, कोणी दोन बस बदलण्याऐवजी स्कूटरने कामावर जातो. किराणा, दूध आणि मुलांची फी यांच्या रांगेत पेट्रोलचा खर्च कायमचा येऊन बसला आहे. म्हणूनच पंपावर छत्रीखाली टेबल मांडून बसलेला मुलगा 'पेट्रोलवर पैसे परत' असे म्हणतो, तेव्हा आपले पाय थांबतात.

आमच्या शेजारचा एक तरुण असाच थांबला. पार्सल पोहोचवण्याचे काम करतो, महिन्याला अडीच हजारांचे पेट्रोल जाळतो. त्याने फॉर्म भरला, कार्ड आले. सात महिन्यांनी तो बिलांची चळत घेऊन आमच्या घरी आला आणि म्हणाला, "काका, कार्डाने पैसे परत द्यायचे होते. मग माझे देणे वाढतेय कसे?"

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकड्यांची सवय आहे. चहा ठेवायला सांगितला आणि बिले तारखेप्रमाणे लावली. सात महिन्यांत पेट्रोलवर त्याला मिळाले होते साडेपाचशेच्या आसपास. व्याज, त्यावरचा जीएसटी आणि एकदा लागलेला उशिराचा दंड मिळून गेले होते दोन हजारांच्या घरात. कार्डाने फसवले असे म्हणता येईना, कारण सगळे कागदावर छापलेले होते. ते कोणी वाचले नव्हते, इतकेच. त्या रात्री जो हिशेब मांडला, तोच आज वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत.

परत मिळतात ते कोणाचे पैसे?

पंपावर क्रेडिट कार्डाने पेट्रोल घेतले की साधारणपणे १ टक्का अधिभार लागतो. यालाच फ्युएल सरचार्ज म्हणतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांच्या पेट्रोलला १ रुपया अधिभार आणि १८ पैसे कर. रोख पैसे देणाऱ्याला हा भार नसतो. पुष्कळ कार्डे हा १ रुपया माफ करतात, १८ पैसे मात्र बहुधा परत येत नाहीत.

आता जाहिरात पाहा. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांचे एक जोडकार्ड आहे. त्यावर ४.२५ टक्के लाभ अशी जाहिरात होत आली आहे. त्याची फोड केली तर ३.२५ टक्के हे गुणांचे आणि १ टक्का अधिभार माफीचा. अधिभार माफ होणे म्हणजे आपल्याच खिशातून जाणारा रुपया न जाणे. रोखीने पेट्रोल भरणाऱ्याच्या तुलनेत खरी कमाई ३.२५ टक्केच. कोणतेही कार्ड पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : यातला अधिभाराचा भाग वजा केला तर उरते किती?

वर्षाचा हिशेब

त्याच कार्डाच्या अटी आम्ही पाहिल्या तेव्हा त्या अशा होत्या : भारत पेट्रोलियमच्या पंपावर १०० रुपयांना १३ गुण, ४ गुणांचा १ रुपया, एका बिलात जास्तीत जास्त १,३०० गुण. वार्षिक फी ४९९ रुपये, जीएसटी धरून सुमारे ५८९ रुपये. अटी बदलत असतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी ताजे पत्रक पाहावे. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

महिन्याला २,५०० रुपयांचे पेट्रोल धरू. त्यावर ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ८१ रुपये. वर्षाचे झाले ९७५. त्यातून फी ५८९ गेली. उरले ३८६ रुपये. म्हणजे महिन्याला ३२ रुपये. पहिल्या वर्षी फी भरल्यावर ५०० रुपये किमतीचे गुण मिळतात, त्यामुळे पहिले वर्ष गोड वाटते. खरा हिशेब दुसऱ्या वर्षापासून धरावा.

ज्याचे पेट्रोल महिन्याला १,५०० रुपयांच्या आसपास आहे, त्याला वर्षाकाठी सुमारे ५८५ रुपये मिळतील आणि तेवढेच फीत जातील. हाती शून्य. त्याच्यासाठी फी नसलेले साधे कार्ड, रोख किंवा यूपीआयच बरे.

वर्षात ५०,००० रुपयांचा खर्च कार्डावर झाला तर फी परत, अशीही सवलत त्यात आहे. घरात होणारा खर्चच कार्डावर वळवून तो आकडा गाठत असेल तर उत्तम. पण ५८९ रुपयांची फी वाचवण्यासाठी दहा हजारांचा मोबाइल घेणे हा व्यवहार झाला नाही.

आपली सवय आणि कार्डाची अट

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्हीही एक कार्ड घेतले होते. बी.कॉम. झालेले, लोकांचे हिशेब पाहणारे, म्हणून जरा ऐटीतच घेतले. सहा महिने स्कूटरमध्ये पेट्रोल भरले आणि हाती काही आले नाही. बँकेची चूक नव्हती. आम्ही दोनशे-तीनशेचे पेट्रोल भरत होतो आणि अधिभाराची माफी ४०० रुपयांच्या पुढेच होती. शिवाय येईल त्या पंपावर थांबत होतो. गुण मात्र एकाच कंपनीच्या पंपावर मिळत होते. अट आम्ही वाचली होती. आपली सवय तिच्याशी ताडून पाहिली नव्हती.

दुचाकीवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अनेक साध्या कार्डांवर अधिभाराची माफी ४०० किंवा ५०० रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंतच्या एकेका भरण्याला असते. रोज शंभर-दोनशेचे पेट्रोल टाकणाऱ्याला ती मिळत नाही. उलट १ रुपया १८ पैसे जास्तच जातात. एकदम पाचशेचे भरायचे तर टाकीत तेवढी जागा हवी.

जोडकार्डे एकेका तेल कंपनीशी बांधलेली असतात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघींची वेगवेगळ्या बँकांबरोबर अशी कार्डे आहेत. कामाच्या वाटेवर पंप हिंदुस्तान पेट्रोलियमचा आणि कार्ड इंडियन ऑइलचे असेल तर ते कार्ड निरुपयोगी. वाट वाकडी करून तीन किलोमीटर जाण्यात जेवढे पेट्रोल जाते, तेवढेही सुटत नाही. काही कार्डांची सवलत विशिष्ट बँकेच्या मशीनवर कार्ड लावले तरच मिळते. पंपावरच्या माणसाला आधी विचारून घ्यावे.

गुणांचे रुपये कसे होतात हेही पाहावे. काही गुण थेट पंपावर पेट्रोलसाठी वापरता येतात, काहींच्या फक्त भेटवस्तू मिळतात. काहींची मुदत संपते. जे रुपये महिनाअखेरीस बिलातून आपोआप वजा होतात, ते आपल्या घरांना सर्वांत सोयीचे.

सवलती कायमच्या नसतात हेही ध्यानात असू द्यावे. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी कार्डाने व डिजिटल पद्धतीने पैसे देणाऱ्यांना ०.७५ टक्का सूट सुरू केली होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डांना ती बंद झाली. म्हणून वर्षातून एकदा तरी आपल्या कार्डाचा हिशेब नव्याने मांडावा.

किमान रकमेचा सापळा

आता त्या शेजारच्या तरुणाकडे वळू. त्याचे नुकसान पेट्रोलमुळे झाले नाही. बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. त्याच्या एका बिलात एकूण ६,००० आणि किमान ३०० होते. हाताशी पैसे कमी होते, त्याने ३०० भरले. त्याला वाटले, महिना निभावला.

उरले ५,७००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तर १९९ रुपये ५० पैसे. त्यावर जीएसटी सुमारे ३६. झाले २३५ रुपये. हे ढोबळ गणित झाले. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आकडा थोडा जास्तच येतो. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणजे जे पेट्रोल स्वस्तात घेतले असे आपण समजतो, त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

एका महिन्याचे व्याज २३५. वर्षभर नेमाने पेट्रोल भरून उरणार होते ३८६. दोन महिने थकले की वर्षाचा लाभ संपून पदरचे गेले. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. सावकार शेकड्याला साडेतीन रुपये मागतो तेव्हा आपण त्याला नावे ठेवतो. कार्डावर तोच दर बारीक अक्षरांत असतो म्हणून दिसत नाही. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या ३० टक्क्यांच्या मर्यादेचा आधार आता राहिलेला नाही. आपले रक्षण आपल्यालाच करायचे आहे.

कार्डावरून एटीएममधून रोख काढणे तर पूर्ण टाळावे. त्याला वेगळे शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज.

त्या तरुणाने काय केले? त्याच्या पत्नीने बचत गटातून शेकडा दोन रुपयांनी कर्ज काढले आणि कार्डाची सगळी थकबाकी एकदम भरली. तेही कर्जच, पण साडेतीनचे दोनवर आले आणि हप्ता ठरलेला. ती माउली आम्हाला म्हणाली, "कार्ड आले तेव्हा मला दाखवले असते तर ही पाळीच आली नसती." तिचे बोलणे खोटे नव्हते. कार्ड एकाच्या नावावर असते, बिल मात्र सगळे घर भरते. म्हणून कार्डाचे बिल दर महिन्याला घरात दोघांनी मिळून पाहावे.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसाठी सविस्तर नियम केले. त्यांतील काही सर्वांनी लक्षात ठेवावेत. न मागता कार्ड पाठवता येत नाही. पाठवून पैसे आकारले तर ते परत करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. ग्राहकाच्या संमतीशिवाय खर्चाची मर्यादा वाढवता येत नाही, विमाही गळ्यात मारता येत नाही. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. थकबाकी नसताना कार्ड बंद करण्याची विनंती केली तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवे, नाहीतर रोज ५०० रुपये भरपाई. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

थकबाकीची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते. उद्या घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो की ती नोंद पुढे येते. अशा प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून पाहावा.

मग कार्ड कोणी घ्यावे?

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला येतो, ज्याचे पेट्रोल महिन्याला अडीच-तीन हजारांच्या पुढे आहे, ज्याच्या रोजच्या वाटेवर एकाच कंपनीचा पंप आहे आणि जो दर महिन्याला पूर्ण बिल भरू शकतो, त्याने घ्यावे. बँकेला सांगून पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करावी, फक्त किमान रकमेची नव्हे. खर्चाची मर्यादा कमी ठेवून घ्यावी. ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही त्यांना काही बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात, तोही मार्ग आहे.

ज्याची कमाई आज आहे आणि उद्या नाही, त्याने या ३२ रुपयांच्या मागे लागू नये. चाकांत हवा बरोबर ठेवली, गाडीची वेळेवर देखभाल केली, तरी पेट्रोल वाचते. तेल कंपन्यांच्या स्वतःच्या गुण-योजनाही असतात. इंडियन ऑइलची 'एक्स्ट्रारिवॉर्ड्स' ही त्यांपैकी एक. तिच्यासाठी क्रेडिट कार्डाचे कर्ज घ्यावे लागत नाही.

पुढच्या वेळी पंपावरचा मुलगा फॉर्म पुढे करील. तोही आपल्यासारख्याच घरातला, पोटासाठी उन्हात उभा असतो. त्याच्यावर रागावू नये. फॉर्म आणि अटींचे पत्रक मागून घ्यावे, घरी न्यावे आणि तीन आकडे लिहावेत : महिन्याचे पेट्रोल, अधिभार वगळून मिळणारी टक्केवारी आणि वर्षाची फी. घरात जो कोणी गणित शिकला असेल त्याला गुणाकार-वजाबाकी करू द्यावी. उरणारा आकडा पाहून मगच सही करावी.