गोल्फची काठी बेतून घेणे : माप, चिन्ह आणि अनुभव

मापे घेऊन त्यांप्रमाणे कापड आखणे व कापणे या क्रियेस मराठीत 'बेतणे' म्हणतात. शिंप्याच्या दुकानातून हा शब्द फारसा बाहेर पडला नसला, तरी त्यामागील कल्पना इतर धंद्यांतही आढळते. कुदळीला दांडा बसविताना तो कोणाच्या हातात जावयाचा आहे हे जाणता सुतार पाहून घेतो. विटीदांडू खेळणारा मुलगा आपला दांडू आपल्या हाताला पेलेल एवढाच ठेवतो. गोल्फच्या खेळात ज्यास 'फिटिंग' म्हणतात, ते याच जातीचे काम होय. मात्र ते धंदेवाईक खेळाडूंचे चोचले आहेत, असा समज हौशी खेळाडूंत दृढ आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी फिटिंगमध्ये नेमके काय मोजले जाते, आणि मोजलेल्या गोष्टींना कोणत्या चिन्हांनी ओळखले जाते, याचा विचार करणे अवश्य आहे.

आधी एका शब्दाचा उलगडा करावयास हवा. इंग्रजीत 'क्लब' म्हणजे मुळात सोटा. मंडळी जमण्याची संस्था हा अर्थ पुढे सतराव्या शतकात आला. मराठीने मात्र संस्थेचा अर्थ तेवढा उचलला. त्यामुळे 'क्लब बदलला' असे एखाद्या हौशी खेळाडूने घरी सांगितल्यास कुटुंबीयांचा गैरसमज व्हावा यात नवल नाही. येथे 'काठी' हाच शब्द योजला आहे.

मुंबईच्या उपनगरांत चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासून आहे. घाटकोपर वा मुलुंडच्या रहिवाशास हे मैदान जवळचे. अंधेरी-बोरिवलीकरास सबंध शहर आडवे ओलांडून जावे लागते. या भागांतील हौशी खेळाडू बहुधा उशिरा, चाळिशी-पन्नाशीत, कचेरीतील एखाद्या सहकाऱ्याच्या संगतीने या खेळाकडे वळतो. त्याच्या हाती पडणारा पहिला संच कोणाचा तरी उतरलेला असतो. तो परदेशातील सरासरी उंचीच्या पुरुषासाठी बनविलेला, आणि वापरणारा सव्वापाच फुटांचा. चेंडू सरळ जात नाही म्हणून तो कमरेत अधिक वाकतो, हात आखडतो, काठी खाली पकडतो, आणि दोन वर्षांनी 'आपल्याला हा खेळ जमत नाही' अशा निर्णयास येतो. साधनाचा दोष शरीराच्या खात्यावर मांडला जातो, आणि फिटिंगचा खरा प्रश्न येथेच आहे.

पहिली मापे उभ्या माणसाची घेतली जातात. नुसती उंची पुरत नाही. खेळाडूस सरळ उभे करून, हात सैल सोडावयास सांगून, मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात. समान उंचीच्या दोन व्यक्तींत हे अंतर इंच-दीड इंचाने भिन्न असू शकते. लांब हातांच्या उंच माणसास साधारण लांबीचीच काठी पुरते, हे या मापाशिवाय कळत नाही. यानंतर येते ती काठीची बैठक, म्हणजे 'लाय'. काठीचे पाते जमिनीवर सपाट टेकले असता दांडा जमिनीशी जो कोन करतो तो हा होय. बुटक्या खेळाडूच्या हातात दांडा अधिक आडवा होतो, पात्याचे टोक उचलले जाते व टाच जमिनीस लागते. अशा वेळी पात्याचे तोंड नकळत डावीकडे वळते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. उंच खेळाडूचे याच्या उलट.

या दोषाचे प्रमाण सर्व काठ्यांत सारखे नसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पात्याचा कल, म्हणजे 'लॉफ्ट', जितका अधिक तितका बैठकीतील चुकीचा परिणाम मोठा. 45 अंश कल असलेल्या आखूड काठीत बैठक 2 अंशांनी चुकल्यास पात्याच्या तोंडाची दिशा सुमारे 2 अंशांनी बदलते; 100 मीटरांवर हा फरक साडेतीन मीटरांच्या घरात जातो. 10 अंश कलाच्या लांब 'ड्रायव्हर'मध्ये तेवढ्याच चुकीने तेवढ्याच अंतरावर पाऊण मीटरही फरक पडत नाही. हौशी खेळाडू ड्रायव्हरच्या निवडीवर पैसा व चिंता खर्च करतो आणि आखूड काठ्या मिळतील तशा घेतो. भूमितीचा कौल याच्या विरुद्ध आहे.

बैठकीची परीक्षा नुसत्या उभ्या मापाने पुरी होत नाही, कारण काठी फिरविताना दांडा वाकतो व हात वर उचलले जातात. म्हणून पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावून कठीण फळीवरून चेंडू मारावयास लावतात. पट्टीवर खूण टाचेकडे उमटली तर बैठक अधिक उभी आहे, टोकाकडे उमटली तर अधिक आडवी आहे. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये 'पिंग' या नावाने काठ्या बनविण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांच्या कंपनीने बैठकीचे कोन रंगीत ठिपक्यांनी दर्शविण्याची पद्धत रूढ केली. काळा ठिपका म्हणजे प्रमाण बैठक. चेंडूवर आपटताना त्यांच्या पहिल्या काठीचा जो आवाज होई, तोच त्यांनी नाव म्हणून स्वीकारला. अनुकरणवाचक शब्दाचे विशेषनाम होण्याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

आता दांड्याच्या लवचिकपणाकडे वळू. दांडा किती वाकतो हे दाखविण्यासाठी एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरे त्यावर छापलेली असतात. यांतील पहिले सर्वांत लवचीक, शेवटचे सर्वांत ताठ. 'आर' म्हणजे नेहमीचा व 'एस' म्हणजे ताठ. दुकानातील संभाषणाचा बराच भाग या दोन अक्षरांभोवती फिरतो. परंतु या अक्षरांचे मूल्य ठरविणारे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कारखान्याचा 'आर' दुसऱ्याच्या 'एस'इतका ताठ असू शकतो.

हा प्रकार मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. विटीदांडूत अंतर दांडूनेच मोजतात आणि मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल, आर असे शब्द उच्चारतात. पहिले चार तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशी उघड जुळतात. पण बहुतेक ठिकाणी पाचव्या जागी येणारा 'आर' तेलुगूत आणि कन्नडातही सहाचा वाचक आहे. शब्दांचे संख्यामूल्य हरपले, क्रम तेवढा राहिला, आणि खेळास क्रमच पुरेसा असल्यामुळे कोणाचे काही अडले नाही. दांड्यावरील अक्षरांची स्थिती अशीच आहे. एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेत 'एस' हा 'आर'हून ताठ, एवढे ती विश्वासाने सांगतात. मालिकेबाहेर गेल्यावर त्यांचा अर्थ सुटतो. विटीदांडूत सगळे खेळाडू एकाच दांडूने मोजतात म्हणून भांडण होत नाही. गोल्फच्या बाजारात दांडू अनेक आहेत. अक्षर पाहून दांडा घेणारा खेळाडू क्रमालाच माप समजण्याची चूक करतो. 'लेडीज' या शिक्क्याचीही गत निराळी नाही. तो आखूड, हलका व लवचीक संच दर्शवितो, खेळाडूचे लिंग दर्शवीत नाही. पाच फूट दोन इंच उंचीच्या पुरुषास असा संच पुष्कळदा अधिक बरा पडेल. पण तो मागण्याचा संकोच शिक्क्यामुळे होतो. उलट बाजूस, जोरकस फटका मारणाऱ्या उंच स्त्रीस तोच शिक्का पाहून नको ती काठी दिली जाते.

'जड' या शब्दानेही असाच घोटाळा होतो. तराजूवरील वजन निराळे आणि फिरविताना हातास जाणवणारा भार निराळा. हातोडा दांड्याने धरला तर जड लागतो, डोक्याजवळ धरला तर हलका. वजन तर तेच. हा जाणवणारा भार मोजण्यासाठी 'स्विंगवेट'ची तुला आहे. तिच्या प्रचलित प्रकारात काठी मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर तोलून धरतात व पात्याकडे किती झुकते ते सी-9, डी-0, डी-1 अशा पायऱ्यांत वाचतात. पात्यात सुमारे 2 ग्रॅम वाढविले की एक पायरी चढते; काठी अर्धा इंच कापली की सुमारे तीन पायऱ्या उतरतात. मुठीवर 4-5 ग्रॅम अधिक वजनाचे रबर चढविले तर काठीचे एकूण वजन वाढते आणि हाताला ती हलकी भासते. उतरलेला संच आखूड करून घेणाऱ्याने हे विसरू नये, नाहीतर लांबी जुळते व पाते हातातून नाहीसे झाल्यासारखे वाटू लागते.

यंत्राचा प्रवेश होतो तो या टप्प्यावर. डॉप्लर तत्त्वावरील रडार किंवा जलद छायाचित्रे घेणारी यंत्रे पात्याची गती, चेंडूची गती, उड्डाणाचा कोन व चेंडूची गिरकी मोजतात. खोलीत जाळी व पडदा लावून हे काम भागते. मैदान लागत नाही, ही मुंबईसारख्या शहरात मोठीच सोय. चेंडूच्या गतीस पात्याच्या गतीने भागले असता येणारा अंक ड्रायव्हरच्या बाबतीत उत्तम फटक्यात दीडच्या जवळ जातो. हौशी खेळाडूने गतीपेक्षा या अंकाकडे लक्ष द्यावे. काठी लांब केल्याने गती वाढते पण चेंडू पात्याच्या मध्यावर बसत नाही, हे त्यातून चटकन उघड होते. एका फटक्यावरून काही ठरवू नये. दहाबारा फटक्यांचा पसारा पाहावा.

तरीही यंत्राने सारे सांगून होत नाही. चांगला फिटर प्रत्येक फटक्यानंतर, आकडा दाखविण्यापूर्वी, 'कसा वाटला?' असे विचारतो. येथे हौशी खेळाडूची वाचा बसते. 'बरा' किंवा 'छान' यापलीकडे तो जात नाही, कारण आपल्या अनुभवास शास्त्रीय शब्द हवेत अशी त्याची समजूत असते. वास्तविक मराठीत या कामी उत्कृष्ट शब्द आहेत. हाताला झिणझिण्या आल्या म्हणजे चेंडू मध्यावर बसला नाही. 'टण्ण' आणि 'ठप्प' या दोन आवाजांतील भेद कोणासही सांगावा लागत नाही. दांडा 'मागे राहिला', पाते 'लटकले', मूठ 'फिरली' ही वाक्ये फिटरच्या दृष्टीने आकड्यांइतकीच मोलाची आहेत. शेवटचे वाक्य ऐकताच तो मुठीची जाडी तपासावयास घेईल. मुंबईच्या दमट हवेत, घामेजल्या हातांत, गुळगुळीत रबरापेक्षा सुताचा अंश असलेली मूठ अधिक टिकाव धरते. तसेच मे महिन्यात दगडासारखी टणक असणारी जमीन जुलैत पाय रुतावा इतकी मऊ होते. टणक जमिनीवर पात्याच्या तळाचा फुगवटा कमी हवा, मऊ जमिनीवर अधिक. बंद खोलीतील कृत्रिम गवतावर हा भेद दिसत नाही. म्हणून आपण वर्षातून कोणत्या महिन्यांत खेळतो हे खेळाडूने न विचारता सांगावे.

नवशिक्याने फिटिंग करावे की आधी शिकावे, हा वाद जुना आहे. त्यात दोन्ही पक्षांचे थोडे चुकते. लांबी, बैठक व मूठ ही शरीराशी निगडित असल्यामुळे पहिल्याच महिन्यात जुळवून घ्यावीत, नाहीतर शिकवणीच वाकडी होते. महागडे दांडे मात्र फटक्याला स्थिर वळण लागेपर्यंत थांबू शकतात. जेथे फिटिंगचे शुल्क नाही तेथे ते किमतीत मिळविलेले असते. तेव्हा शुल्क देऊन मापांचा कागद आपल्या हाती घेणे अधिक श्रेयस्कर.

चेंबूरच्या मैदानालगतच्या वस्त्यांतील कॅडी व त्यांची मुले गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. बांधकामावरची लोखंडी सळई टोकाशी वाकवून केलेली काठी आणि प्लास्टिकचा चेंडू. पोलिश छायाचित्रकार तोमाश गुड्झोवाटी यांच्या छायाचित्रांमुळे हा खेळ जगापुढे आला. या काठीस अक्षर नाही, ठिपका नाही. सळई लांब वाटली तर ती कापतात, चेंडू वाकडा गेला तर टोक पुन्हा वाकवितात. माप घेणारा, बनविणारा व खेळणारा एकच. दिवसभर हाच माणूस दुसऱ्यांच्या काठ्या वाहतो, आणि कोणत्या सभासदाची कोणती काठी डावीकडे ओढते हे पुष्कळदा त्या सभासदाआधी त्यास ठाऊक असते.

पुढे एखादा उतरलेला संच अशा खेळाडूच्या वाट्याला येतो, तेव्हा तो जसाच्या तसा वापरण्याचे कारण नाही. घडीव लोखंडाची पाती साच्यात ओतलेल्या पात्यांहून सहज वाकतात; ओतीव पात्यांतही सामान्यतः अंश-दोन अंशांचा फरक करून घेता येतो. नवा संच घेण्याच्या मानाने हा खर्च अल्प आहे. लांबी आधी ठरवावी, बैठक नंतर. कारण काठी कापल्यावर हात खाली येतात आणि बैठक पुन्हा मोजावी लागते.