फोनच्या दारावरचा पहारेकरी

फोन सुरू करताना बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत एक तपासणी होऊन जाते. प्रथम चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली, कधीही न बदलणारी एक छोटी आज्ञावली जागी होते. ती बूटलोडर नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीची डिजिटल सही पडताळते. सही जुळली तरच बूटलोडरला काम मिळते. मग तोही अँड्रॉइड प्रणालीला तशीच सही विचारतो.

ज्यांना फोनमध्ये वेगळी प्रणाली घालून पाहायची असते, त्यांना हा पहारा अडवतो. म्हणून गूगलच्या पिक्सेलसारख्या काही फोनांत बूटलोडरचे कुलूप उघडण्याची सोय ठेवलेली आहे. मात्र कुलूप उघडताच फोनमधील आपली सर्व माहिती पुसली जाते!

असे का बरे? समजा, तुमचा फोन चोरीला गेला. चोराने कुलूप उघडून स्वतःची प्रणाली घातली, तर तुमची छायाचित्रे नि पत्रव्यवहार त्याच्या हाती लागण्याचा धोका निर्माण होईल. ही माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते. कुलूप उघडताना ती पुसून तिचे संकेत उलगडणारी किल्लीही नष्ट केली जाते. तेव्हा हे पुसणे म्हणजे शिक्षा नव्हे, संरक्षण आहे.

यावरून पूर्वतयारी कशी करावी ते सहज कळेल. सर्वांत आधी माहितीची नक्कल संगणकावर घ्यावी आणि तिथे ती उघडून पाहावी. माझ्या एका विद्यार्थ्याने नक्कल काढली खरी, पण ठेवली त्याच फोनमध्ये! वर्षभराच्या प्रयोगांची छायाचित्रे गेली.

मग बॅटरी पुरेशी भरून घ्यावी. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर 7 वेळा बोट टेकवले की 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसू लागतात. तेथे 'ओईएम अनलॉकिंग' सुरू करावे. फोन त्या वेळी मालकाचा गुप्त अंक विचारतो. चोर अडतो तो येथेच! शेवटची आज्ञा केबलने जोडलेल्या संगणकावरून द्यायची असते, पण होकार फोनचीच बटणे दाबून द्यावा लागतो.

कुलूप उघडलेला फोन दर वेळी सुरू होताना धोक्याची सूचना दाखवतो. बँकांची काही ॲप्सही त्यावर चालत नाहीत. म्हणून घरातल्या वापरत्या फोनवर हा प्रयोग करू नये.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बूटलोडरला पुन्हा कुलूप लावतानाही माहिती पुसली जाते. ती का, सांगा पाहू!