हिवाळ्यातील दिल्लीची हवा : ती कशी घडते आणि घरोघरी काय जपावे

दसरा आटोपला की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद व गुरुग्राम येथील दवाखान्यांत खोकला, धाप आणि डोळ्यांची आग या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढू लागते. पुष्कळजण ‘हवा बदलली’ एवढेच कारण सांगतात. ते अक्षरशः खरे आहे. मात्र ती केवळ ऋतुमानामुळे बदललेली नसते. तिच्या बदलण्यात शेतीचा, वाहनांचा, चुलींचा आणि आपल्या ताटातील भाताचाही वाटा असतो.

मुंबई किंवा कोकणातून दिल्लीत आलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. समुद्रकाठी दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वारा वाहतो व शहरातील धूर काही अंशी हलता राहतो. दिल्लीला हे वरदान नाही. पावसाळा परतल्यावर येथील वारे मंदावतात. रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड व जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. उन्हाळ्यातील दुपारी धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. हिवाळ्यातील रात्री त्याला काहीशे मीटरांचीच, कधी त्याहूनही कमी जागा मिळते. वाहने तीच, कारखाने तेच, परंतु खोली लहान झालेली असते.

यावरून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. पहाटे फिरावयास जाणे आरोग्याला हितकारक, हा आपल्याकडील जुना व एरवी योग्य उपदेश दिल्लीच्या नोव्हेंबर ते जानेवारी या काळात लागू पडत नाही. रात्री साचलेला धूर पहाटे जमिनीलगतच असतो. ऊन चढल्यावर झाकण सैल होते; म्हणून फिरणे व मुलांचे मैदानी खेळ दुपारकडे न्यावेत, आणि हवा फार वाईट असेल त्या दिवशी टाळावेत.

पाणी वाचविले, धूर वाढला

ऑक्टोबरअखेरीस व नोव्हेंबरात पंजाब-हरियाणाकडून येणाऱ्या धुराविषयी आपण ऐकले असेल. या धुराची कहाणी पाण्यापासून सुरू होते. भात हे पंजाबचे मूळचे मुख्य पीक नव्हे. देशाला अन्नधान्याची चणचण होती तेव्हा हरितक्रांतीच्या काळात, सरकारी खरेदीच्या हमीवर, तेथे भाताची लागवड पसरली. त्यातील मोठा वाटा सरकारी कोठारांत जातो व शिधावाटपातून देशभर पोहोचतो. परंतु या पिकासाठी कूपनलिकांनी उपसा इतका केला की भूजल वेगाने खाली गेले. तेव्हा २००९ मध्ये पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांनी भूजल रक्षणाचे कायदे केले. पंजाबच्या कायद्याने १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली, जेणेकरून कडक उन्हात पाणी वाया जाऊ नये.

हेतू उत्तम होता. परंतु लावणी लांबल्याने कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास शेतकऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. कंबाइन यंत्राने कापणी केल्यावर शेतात खुंट व पेंढा पसरून राहतो. आपल्याकडे पेंढा गुरांना घालतात. तेथील सर्वसाधारण जातींच्या भाताच्या पेंढ्यात सिलिका अधिक असल्याने गुरे तो फारसा खात नाहीत. काडी ओढणे हा सर्वांत जलद व स्वस्त उपाय ठरतो. शिवाय हे जाळणे आता नेमके त्या दिवसांत येते, जेव्हा वारे मंदावलेले असतात. शेतकऱ्यास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण तो तांदूळ आपण सर्वच खातो. पेंढा जमिनीत मिसळणारी यंत्रे वेळेवर व परवडणाऱ्या भाड्यात मिळणे आणि भाताऐवजी इतर पिकांनाही खात्रीची खरेदी लाभणे, हाच येथे टिकाऊ उपाय दिसतो.

डिसेंबर-जानेवारीत पेंढा जळत नाही, तरी हवा वाईटच राहते, याचाही विचार व्हावा. वाहने, बांधकामाची व रस्त्यांची धूळ, कारखाने, उघड्यावर जाळलेला कचरा, शेकोट्या हे तर असतातच. शिवाय खते व गुरांच्या मलमूत्रातून सुटणारा अमोनिया, वाहनांच्या व कोळशाच्या धुरातील वायूंशी संयोग पावून हवेतच नवे सूक्ष्म कण तयार करतो.

मनुष्याने घडविलेले मनुष्यास सुधारताही येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानुसार २००२ अखेरपर्यंत दिल्लीतील डिझेलच्या शहर बसगाड्या सी.एन.जी.वर आल्या. पुढे खासगी वाहनांच्या वाढीने तो लाभ बराचसा गिळला, हेही खरे. २०२० च्या टाळेबंदीत तर काही दिवसांतच दिल्लीचे आकाश निळे झाले होते.

शरीरात काय घडते

या धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे पी.एम. २.५, अर्थात अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढे हे कण नाकातील केसांत व घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून दमा व खोकल्याबरोबरच हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचाही धोका वाढतो. गर्भवतीच्या बाळाचे वजन कमी भरू शकते. भारतीय मानकानुसार या कणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल ॲपवर आपल्या जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहता येतो. २०१ ते ३०० म्हणजे खराब, ३०१ ते ४०० अतिखराब, त्यापुढे गंभीर. २०० च्या पुढे गेल्यास लहान मुले, वृद्ध, गर्भवती आणि दमा वा हृदयविकार असलेल्यांनी बाहेरील श्रम कमी करावेत. ३०० नंतर निरोगी व्यक्तींनीही करावेत.

घरात

बाहेर जाणे अनिवार्य असल्यास चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमाल, ओढणी व साधा कापडी मास्क हे कण अडवीत नाहीत. मास्कने धाप लागत असल्यास आपल्या डॉक्टरांस विचारावे. घरात धूप, अगरबत्ती व डासांच्या कॉइल यांचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नये. देवापुढे निरांजन पुरेसे आहे. केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी.

आता सर्वांत गंभीर सूचना. थंडी पडली की बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यामुळे दिल्ली परिसरात दर हिवाळ्यात मृत्यू घडतात. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि झोपेतच शुद्ध हरपते. कोणताही मास्क वा हवा शुद्ध करणारे यंत्र यापासून वाचवू शकत नाही. कोळसा विझल्यासारखा दिसला तरी वायू निघतच असतो. म्हणून शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर ठेवावी. रात्रपाळीच्या चौकीदारास वा घरकामास येणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगावे व शक्य असल्यास एक जादा रजई द्यावी. गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघरात हवा खेळती राहील याचीही खातरजमा करावी.

दम्याच्या रुग्णांनी बरे वाटते म्हणून इन्हेलर परस्पर बंद करू नये. हिवाळ्यापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. बोलताना वाक्य पूर्ण न होण्याइतकी धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, मुलाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाणे किंवा शेगडी असलेल्या खोलीत कोणी गुंगीत आढळणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. गुंगीतील व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा.